पंखा फिरता ठेवा!

“मामा, विमान मोडलंय का?” एवढाच मजकूर आणि खाली फोटो. भाचा इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकतो. तिथून जवळच डक्सफर्डचा जुना हवाई तळ आहे. स्पिटफायर हे लढाऊ विमान ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये पहिल्यांदा दाखल झालं ते याच तळावर, ४ ऑगस्ट १९३८ रोजी. आता तिथे युद्धसंग्रहालय आहे आणि उन्हाळ्यात दुसऱ्या महायुद्धातली विमानं लोकांसमोर उडतात. भाच्याने उड्डाणासाठी धाव घेणारं स्पिटफायर फोनवर टिपलं होतं. पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली, एक तर नाकापासून सुटून हवेत तरंगणारं!

विमान धडधाकट होतं. गडबड फोनची. फोनचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो असं धरा. तेवढ्यात पंखा जवळजवळ अर्धा फेरा मारून मोकळा होतो. झेरॉक्सच्या काचेवर कागद सरकला की अक्षरं जशी लांबट-वाकडी येतात, तसंच हे.

मग त्याने चांगल्या कॅमेऱ्यातला फोटो पाठवला. शटर १/२०००, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. रिव्हेट मोजून घ्याव्यात इतका लख्ख. मला मात्र हा फोटो पहिल्यापेक्षा वाईट वाटला. चारही पाती जागच्या जागी थिजलेली. विमान उडतंय की दोऱ्याने छताला टांगलंय, कळेना. फोटो जितका रेखीव तितका चांगला, हा नियम इथे साफ आपटतो.

किती शटर ठेवावं, याचं उत्तर इंजिनात दडलेलं आहे. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. त्याचे फेरे मिनिटाला ३००० पर्यंत जातात. पंखा थेट इंजिनाच्या फिरत्या दांड्याला जोडला असता तर सव्वातीन मीटर व्यासाच्या त्या पंख्याची टोकं सेकंदाला पाचशे मीटरहून जास्त वेगाने फिरली असती. आवाजाचा वेग आहे सुमारे ३४०. टोकं त्यापुढे गेली की हवेत धक्कालहरी उठतात, गोंगाट वाढतो आणि इंजिनाची ताकद विमान ओढण्याऐवजी वाया जाते. म्हणून मध्ये गिअर घालून पंख्याचा वेग इंजिनाच्या निम्म्याहूनही थोडा कमी केलेला असतो. जनतेसमोर उडताना पंख्याचे फेरे मिनिटाला १२०० धरले, तर सेकंदाला २० झाले.

आता गणित सोपं. १/२००० ला पातं जेमतेम साडेतीन अंश फिरतं, म्हणजे थिजतं. १/१२५ ला ते सुमारे ५८ अंश फिरतं. पंखा चार पात्यांचा असेल तर चकतीचा जवळपास दोन-तृतीयांश भाग धुरकट भरतो, तीन पात्यांचा असेल तर निम्मा. डोळ्यांना हवा असतो तो नेमका हाच पंखा. व्हिडिओची तऱ्हा आणखी वेगळी. तीन पाती आणि सेकंदाला २० फेरे असतील, तर एका जागेवरून सेकंदाला ६० पाती जातात. सेकंदाला ३० चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याला प्रत्येक चौकटीत पातं त्याच जागी सापडतं आणि पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, ती याच कुळातली गंमत.

पण १/१२५ फुकट मिळत नाही. ताशी ३६० किलोमीटर वेगाने जाणारं विमान तेवढ्या वेळात ८० सेंटिमीटर सरकतं. कॅमेरा स्थिर धरला तर पंख्यासोबत अख्खं विमानच पुसट होणार. म्हणून विमानाबरोबर कॅमेराही फिरवायचा, त्याच कोनीय वेगाने. अडीचशे मीटरवरून जाणाऱ्या विमानासाठी हा वेग सेकंदाला सुमारे २३ अंश येतो. विमान जिथे सर्वांत जवळ येणार त्या दिशेला पावलं रोवायची आणि कमरेतून वळायचं. बटण दाबल्यावरही वळत राहायचं. चेंडू सुटल्यावर गोलंदाजाचा हात थांबतो का? दहातले आठ फोटो वाया जातात. जाऊ द्यावेत.

उजेडाचा जाच निराळा. डक्सफर्डला प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला बसतात, त्यामुळे भर दुपारी सूर्य थेट लेन्समध्ये. (फोटोवाल्यांची ही जुनी कुरकुर आहे आणि ती रास्त आहे.) पांढऱ्या आभाळाला कॅमेरा ‘फार उजेड’ समजतो आणि विमानाचा कावळा करून टाकतो, म्हणून उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा लागतो. उलट लख्ख उन्हात १/१२५ ठेवायचं तर लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक करावं लागतं आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आभाळात ठिपका होऊन बसतो. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरची हवा लहरते, तेव्हा लांब पल्ल्याची महागडी लेन्सही हतबल. त्यापेक्षा सकाळ गाठावी.

आपल्याकडे हे करून पाहायचं तर भारतीय हवाई दलाचं डाकोटा ‘परशुराम’ आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन ते २०१८ मध्ये स्वतः उडत भारतात आलं. दोन इंजिनं, प्रत्येकी तीन पाती. संचलनाच्या दिवशी ते डोक्यावरून जाईल तेव्हा प्रयोगाला वेळ नसेल, म्हणून सराव आधीच करा. कॅमेरा फिरवण्याचा सराव हमरस्त्यावरच्या एसटीवर होतो; पंख्याचा घरातच. छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३६० फेरे घेतो. त्याच्यासाठी शटर १/४० ठेवा. पाती ५४ अंश फिरतील, म्हणजे १/१२५ ला स्पिटफायरची फिरतात जवळपास तेवढीच.