बाटलीतील जिवाणू आणि तळ्यातील जिवाणू

रत्नागिरी म्हटले की मिरकरवाड्याचे बंदर आणि समुद्रातील मासळीच डोळ्यांपुढे येते. परंतु २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेने गोड्या पाण्यातील तळ्यांसाठीही अर्थसाहाय्य देऊ केले. तळे खोदणे पैशाने साधते. त्यातील पाणी निरोगी राखणे मात्र केवळ पैशाने साधत नाही.

खाद्यातील नत्रापैकी सुमारे चतुर्थांशच माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांशी अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. हे विष निवारण्याचे काम निसर्गाने जिवाणूंकडे सोपविले आहे. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट; रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास ही क्रिया उलगडून दाखविली. पुढे प्राणवायुरहित गाळातील जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. दुसरी पायरी अडली, तर साचलेल्या नायट्राइटमुळे माशाचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

हेच जिवाणू आता बाटल्यांतून विकले जातात. सिमेंटच्या नव्या टाकीत त्यांचे विरजण उपयोगी पडेलही. पण मातीच्या तळ्यात ते मुळातच असतात. अमेरिकेत क्लॉड बॉयड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली तळ्यांत असे द्रावण वापरून पाहिले, तेव्हा पाण्यात फारशी सुधारणा आढळली नाही. उणीव जिवाणूंची नसते, त्यांना लागणाऱ्या परिस्थितीची असते.

कोकणात तर ही उणीव भूमीतच आहे. एक ग्रॅम अमोनिया-नत्राच्या रूपांतरास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो आणि सात ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता खर्ची पडते. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यामुळे पाण्यात ही शिल्लक तुटपुंजी. शिवाय पाणी झिरपू नये म्हणून प्लास्टिक अंथरले, की गाळाचा आधारही तुटतो. अशा ठिकाणी चुन्याची योग्य मात्रा, बेताचे खाद्य, विरळ बीज आणि पाणी खेळते ठेवणे हेच खरे उपाय होत.

ते किती करावेत, हे मात्र पाणी तपासल्यावाचून कळत नाही. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली उभे आहे. पण दूर खेड्यातील शेतकऱ्याने प्रत्येक वेळी तेथवर का यावे? सामू आणि अल्कता मोजणे हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम आहे. तालुक्याच्या रसायनशास्त्र विभागांनी ते अंगावर घ्यावे आणि अनुदान देणाऱ्या शासनाने त्याचा अल्प खर्च सोसावा. तळ्यासाठी पैसा देऊन शेतकऱ्याला पाण्याविषयी अंधारात ठेवणे, म्हणजे त्याला बाटली विकणाऱ्याच्या हवाली करणेच होय.