अडकलेला एक्सल आणि आपण

गाडी पूर्ण वळवताना पुढच्या चाकातून टक-टक-टक आवाज येतो, आणि सरळ जाताना मात्र गप्प? तर मित्रांनो, बहुतेक एक्सलचा बाहेरचा सी. व्ही. जॉइंट गेला. त्याच्या आत साधारणपणे सहा पोलादी गोळ्या असतात. रबरी बूट फाटला, ग्रीस बाहेर उडालं आणि धूळ-पाणी आत गेलं, की या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजतात.

नवा एक्सल बसवणं हे सोपं काम, खरी मारामारी जुना काढताना! मालवणला मामांची मारुती ८०० आहे (हे मॉडेल २०१४ मध्ये बंद झालं). आम्हाला दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस गंजाने खाल्ला. खारी हवा, दुसरं काय.

आता थोडी थिअरी. लोखंड गंजलं की ते दुपटीहून जास्त जागा घेतं. हब आणि शाफ्टच्या दात्यांमधली फट मुळातच केसाएवढी, ती भरली की पाचर मारल्यासारखं होतं. म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडायचं. ते फटीत हळूहळू आपोआप ओढलं जातं (कॅपिलरी, बारावीत पाठ केली होती ना!).

हबचा नट चाक जमिनीवर असताना आणि ब्रेक दाबून धरूनच सैल करा. आधी स्प्लिट पिन सरळ करून ओढायची. गोटी पान्याचा (हा शब्द मला वर्कशॉपने नाही, मामांनी शिकवला) दांडा ३० सें.मी. असेल आणि तुम्ही ५०० न्यूटन जोर लावलात, तर मिळतात १५० न्यूटन-मीटर. तोच दांडा पाईप घालून ९० सें.मी. केला की ४५०. आमचा नट पाईपनेच हलला. पान्यावर उड्या मारू नका, तो निसटतो.

मग जॅक, आणि जॅकबरोबर स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, मामा असोत की प्रिन्सिपॉल. जॅक घसरला तर उठायला वेळच मिळत नाही.

बॉल जॉइंट सुटल्यावर शाफ्ट हबमधून निघायला हवा. निघत नाही! इथे सगळे हातोडा उचलतात. पण शाफ्टच्या टोकावर थेट ठोकलं तर आटे पसरतात आणि मार बेअरिंगच्या गोळ्यांना बसतो. ठोकायचंच असेल तर नट टोकाशी समपातळीत येईल एवढा फिरवून लाकडाचा ठोकळा मध्ये धरा. खरं तर पुलर भाड्याने आणणं शहाणपणाचं. त्याचा जोर सरळ रेषेत आणि सावकाश लागतो. आमचा शाफ्ट अर्धा तास पुलरच्या ताणाखाली ठेवला, पुन्हा तेल सोडलं आणि अचानक 'टॉक' करून सुटला. मामा दचकलेच.

गिअरबॉक्सकडचं टोक सर्क्लिपने धरलेलं असतं. आधी गिअर ऑइल काढा, मग जॉइंटमागे टॉमी घालून उचका. शाफ्ट धरून ओढलात तर जॉइंटच आतून सुटतो. नवा बसवताना ऑइल सील बघा, दात्यांवर पातळ ग्रीस लावा, नट आणि पिन नवीन वापरा आणि गिअर ऑइल पुन्हा भरा. चाक फिरवताना बेअरिंग घरघरत असेल तर मात्र गॅरेजच गाठा, त्याला प्रेस लागतो.