दादांची चप्पल

डोळा फडफडला, मांजर आडवे गेले, कावळा दारात ओरडला, की आपली माणसे थबकतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतसुद्धा हे चालते, आणि हे लिहिताना आम्हाला आमचेच घर दिसते. आमचे थोरले बंधू रिक्षा चालवतात. त्यांच्या रिक्षाला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची बांधली जाई. आम्ही बोललो की वहिनी म्हणत, "भाऊजी, तुमचं पटतं. पण रस्त्याचा धंदा आहे, बांधलेलं बरं." लिंबू-मिरची दर आठवड्याला बदलली. दादांचे रक्त मात्र कुणी एकदाही तपासले नाही.

खुणा २०१६ च्या उन्हाळ्यापासून दिसत होत्या. दादा तांब्याच्या तांब्या पाणी पीत. रात्री तीन-तीनदा उठत. आमच्याकडे संडास चाळीच्या टोकाला, त्यामुळे दाराची कडी वाजली की शेजारच्या खोलीत आम्हालाही जाग येई. अंगातला खाकी शर्ट खांद्यावरून उतरू लागला. विचारले तर म्हणाले, "दिवसभर रिक्षात बसून उन्हाचं पाणी पाणी होतं, दुसरं काय?" मन आम्हाला सांगत होते की हे उन्हाचे नाही. पण ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब, संध्याकाळी विहाराची कामे. पुढच्या रविवारी नेऊ म्हणत राहिलो, आणि प्रत्येक रविवारला पुढचा रविवार असतोच.

सांगायला लाज वाटते ती गोष्ट पुढची. २०१७ च्या भीमजयंतीला आमच्याच मंडळाने आरोग्य शिबिर घेतले. टेबलाशी बसून नावे लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. दादा आले, खुर्चीवर बसले. तेवढ्यात मिरवणुकीच्या ट्रकसाठी कुणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले. आम्ही पाहिले. हाताला धरून बसवायला हवे होते. पण रांग मोठी होती. त्या दिवशीची वही अजून आमच्याकडे आहे. त्यात सगळ्या वस्तीची नावे आहेत, दादांचे नाही.

जूनमध्ये स्टँडवर दादा रिक्षातून उतरून चालू लागले, तर एका बाईने मागून हाक मारली, "दादा, तुमची चप्पल राहिली." पायातून चप्पल निसटली होती आणि पायाला पत्ता नव्हता. घरी आम्ही सगळे त्यावर हसलो. मधुमेहात पायाची जाणीव जाते, चप्पल निसटलेली कळत नाही, ही डॉक्टरांना नेहमी दिसणारी खूण आहे हे आम्हाला नंतर समजले. महिन्याभरात त्याच चपलेचा खिळा तळव्यात रुतला. दिवसभर कळले नाही. संध्याकाळी वहिनींना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. जखम भरेना, चिघळत गेली. शेवटी डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. रिक्षा पाच महिने उभी राहिली आणि पुतण्याने कॉलेजचे वर्ष सोडून गोडाऊनमध्ये हमाली केली.

दवाखान्यात दादांच्या उशाशी रात्र काढताना आम्ही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा वाचला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही जुनी कथा बाबासाहेब त्यात स्वीकारत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर हे काहीच पाहिले नसेल का, असा त्यांचा सरळ सवाल आहे. त्यांच्या मांडणीत कारण आहे ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण पेटले, संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थ विरोधात उभा राहिला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करली. आकाशातून कसलीही खूण आली नव्हती. भांडण सगळ्यांनाच दिसत होते. उठून उभा राहिला तो एकटा. हे वाचून समोरच्या खाटेकडे पाहवेना. दादांच्या खुणा आम्हालाही दिसल्याच होत्या.

मात्र मनात आले ते सगळेच खरे, असेही समजू नये. आमच्या चाळीतल्या एका गृहस्थांना स्वप्नात आकडा दिसला. आतून आवाज आला म्हणून त्यांनी फंडातून काढलेले पैसे लॉटरीत घातले. मुलीच्या लग्नाचे कर्ज ते अजून फेडताहेत. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच समजावले होते. ऐकीव आहे, परंपरेचे आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावर कुठलीही गोष्ट मानू नका. तिच्याने हित होते की अहित, ते स्वतः पारखा. मग मनाच्या आवाजाला तरी वेगळा नियम कशाला? शरीराच्या बाबतीत ही पारख फार सोपी आहे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे. साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टर मधुमेह ठरवतात. तीस वर्षांवरच्या माणसांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते.

दादा आता पुन्हा रिक्षा चालवतात, बंद बूट घालून. रात्री जेवण झाले की नात हातआरसा धरते आणि ते तळवे पाहतात. लिंबू-मिरची वहिनींनी स्वतःहून बंद केली, आम्ही काही बोललो नाही.

गेल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असताना एक काका पुन्हा पुन्हा माठाकडे जाताना दिसले. आम्ही वाचन दुसऱ्याकडे दिले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहासुद्धा न पिऊ देता त्यांना आरोग्य केंद्रात नेले. साखर अगदी व्यवस्थित निघाली. आदल्या दिवशी लेकीकडे सुकटीची चटणी जास्त झाली होती, एवढेच. परत येताना काका रस्ताभर कुरकुरत होते, "फुकट उपाशी ठेवलंस रे मला!" नाक्यावर आम्ही त्यांना चहा पाजला, आणि पैसे देताना त्यांनी हळूच विचारले, "आमच्या हिलापण आणू का उद्या? तिचे पाय रात्रीचे फार जळतात म्हणते."