नवे बेसिन आणि भिंतीतील जुनी नळी

जुन्या हुबळीतील आपल्या समाजाच्या घरांतून गेल्या काही वर्षांत एक बदल ठळकपणे दिसू लागला आहे. ज्या मोरीत पूर्वी पाण्याचा हंडा, तांब्याचा बंब आणि अंग धुण्याचा दगड एवढेच सामान असे, तेथे आता भिंतीला चिनी मातीचे पांढरे बेसिन लागले आहे. शेजारची कानडी मंडळी ज्याला 'बच्चलमनी' म्हणतात, त्या न्हाणीघराचे रूप त्यामुळे पालटले. वडीलधाऱ्या माणसांचे वाकणे वाचले आणि मुलांना हात धुण्याची गोडी लागली. ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु बेसिनाचा रंग आणि तोटीची घडण निवडताना चार दुकाने पालथी घालणारी मंडळी, त्या बेसिनातील पाणी भिंतीआड कोठून कसे जाते याची चौकशी क्वचितच करतात. पुष्कळ घरांत ते पाणी आजोबांच्या वेळच्या लोखंडी नळीतूनच जाते. नवे बेसिन त्या जुन्या नळीला नीट जोडावे कसे, एवढ्याच विषयाचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु हुबळीच्या परिसरातील पुष्कळशी जमीन काळी आहे हे ध्यानात घेतले म्हणजे तो तसा राहत नाही. काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणाने. बेसिनाचा भिंतीतील सांधा गळू लागला, प्रत्येक खेपेस अर्धी वाटी पाणी झिरपले आणि दिवसातून वीस वेळा बेसिन वापरले, तर रोज दीड-दोन लिटर, म्हणजे महिन्याकाठी पन्नास लिटरांच्या आसपास पाणी पायाशी मुरते. पायाची एक बाजू फुगते, दुसरी तशीच राहते, आणि भिंतीला तिरकी भेग जाते. आपल्या जुन्या गल्ल्यांतून दोन घरांची भिंत एकच असते. अशा ठिकाणी आपल्या बेसिनाची ओल शेजाऱ्याच्या देवघरात उमटते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारधर्मात वितुष्ट येते. सांधा हातभर लांबीचाही नसतो, परंतु त्यावर दोन घरांची भिंत आणि दोन घरांचा सलोखा अवलंबून असतो.

या नळ्या घरात आल्या कशा, तेही थोडक्यात पाहू. विहिरीचे पाणी कळशीने येत होते तोवर मोरीच्या भोकातून ते बाहेरच्या गटारात गेले की काम भागे. पुढे नळाचे पाणी आले. विसाव्या शतकाच्या मध्यास नीरसागर तलावाचे आणि त्यानंतर सौंदत्तीच्या जलाशयातून मलप्रभेचे पाणी गावात पोहोचले. पाणी वाढले तसे ते घराबाहेर नेण्यासाठी धातूचे पाइप भिंतीत गेले. २००८ साली हुबळी-धारवाडच्या काही निवडक भागांत चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. बादलीने जपून वापरलेले पाणी जुनी नळी कसेबसे वाहून नेते. वाहत्या तोटीचे पाणी तिला पेलवत नाही, आणि तिची सारी दुखणी तेव्हा बाहेर पडतात.

म्हणून पहिले काम म्हणजे भिंतीतील नळी कोणत्या धातूची आहे हे ओळखणे. त्यास एक लोहचुंबक आणि एक चाकू पुरे. चुंबक चिकटला तर नळी लोखंडाची. त्यातही सांध्यावर आटे पाडलेले सॉकेट दिसले तर ती जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे आपण जिला 'जी. आय.' म्हणतो ती होय. नळी जाड व खरबरीत असून तिच्या एका टोकाला रुंद तोंड असले तर ती बिडाची. चुंबक चिकटला नाही आणि चाकूने ओरखडताच आत मऊ, रुपेरी चमक दिसली तर ती शिशाची. शिशाच्या नळीस सांधा जोडीत बसू नये; ती सर्व काढूनच टाकावी. शिसे विषारी आहे. ते काढताना मुलांना दूर ठेवावे, त्याचा भुगा उडू देऊ नये आणि काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

दुसरे काम नळीची प्रकृती तपासण्याचे. जस्ती नळी बाहेरून धडधाकट दिसते, परंतु आतून गंजाने व साबणाच्या थराने अरुंद झालेली असते. ज्यांच्याकडे कूपनलिकेचे जड पाणी आहे त्यांच्या घरी हा थर लवकर साचतो, कारण जड पाण्यातील चुना व साबण मिळून न विरघळणारा चिकट साका होतो. नळीत बादलीभर पाणी एकदम ओतून पाहावे. पाणी तुंबून मागे आले तर कितीही उत्तम बेसिन लावले तरी उपयोग नाही. मग लहान हातोडीने नळी हलकेच ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत आहे. बद्द आवाज आला किंवा पोपडे निघाले तर मागे सरकत जावे आणि निरोगी धातू लागेल तेथेच जोड द्यावा. गंजलेल्या टोकाला नवी नळी जोडणे म्हणजे कुजलेल्या वाशाला नवे कौल अडकविण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट मापाची. येथेच पुष्कळांची फसगत होते. लोखंडी नळीचे माप तिच्या आतील पोकळीवरून सांगतात आणि प्लॅस्टिकच्या पी. व्ही. सी. नळीचे माप बाहेरील व्यासावरून. चाळीस मिलिमीटरची जस्ती नळी, म्हणजे जुन्या भाषेत दीड इंची, बाहेरून मोजली तर सुमारे ४८ मिलिमीटर भरते. चाळीस मिलिमीटरची पी. व्ही. सी. नळी बाहेरून बरोबर ४० मिलिमीटर असते. दोन्हींवर ४० हाच आकडा, म्हणून एकीचे दुसरीत बसेल असे समजू नये. दुकानात जाताना आकडा पाठ करून जाऊ नये. नळीभोवती दोरा गुंडाळून, तो दोरा किंवा काढलेला जुना तुकडाच बरोबर न्यावा. शिवाय पाणी नेहमी लहान नळीतून मोठ्या नळीत जावे. मोठीतून लहानीत गेले की तेथे केस व साका अडकलाच म्हणून समजावे.

आट्यांच्या बाबतीत मात्र आपले दैव चांगले आहे. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे एक ठराविक प्रमाण सुचविले. त्यातूनच ब्रिटिश पाइपांचे आटे ठरले आणि आपल्याकडेही तेच रूढ झाले. एक इंच व त्याहून मोठ्या नळीवर दर इंचास ११ आटे असतात. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सॉकेटमध्ये आजचे निपल बिनतक्रार फिरते. परदेशी असलेल्या आप्तांनी अमेरिकेहून हौसेने काही साहित्य आणले तर मात्र सावध असावे. तिकडे त्याच मापाच्या नळीवर दर इंचास साडेअकरा आटे असतात. ते दोन फेरे फिरतात, मग अडतात, आणि बळ केले की आटे जातात.

आता प्रत्यक्ष सांधा. जस्ती नळी असेल तर शक्यतो ती कापू नये. मागच्या सॉकेटपर्यंत जाऊन तुकडा उलगडून काढावा. आदल्या रात्री सांध्यावर गंज सोडविणारे तेल घालून ठेवावे. उलगडताना दोन पाइपपाने वापरावेत, एकाने भिंतीकडची नळी धरून ठेवावी व दुसऱ्याने बाहेरची फिरवावी. एकाच पान्याने जोर केला तर तो जोर भिंतीतील न दिसणाऱ्या सांध्यावर जातो व तो तेथे मोडतो. सॉकेट मोकळे झाले की ब्रशने आटे स्वच्छ करावेत आणि आटे असलेला प्लॅस्टिकचा जोडतुकडा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून त्यात बसवावा. येथे एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या सॉकेटात चालतात, परंतु धातूचे आटे प्लॅस्टिकच्या सॉकेटात आवळले तर ते सॉकेट चिरते. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवावे व पान्याने एखादा फेरा द्यावा, त्याहून अधिक नाही.

सॉकेट सुटतच नसेल तर लोखंड कापायच्या करवतीने नळी काटकोनात सरळ कापावी, कानशीने कडा गुळगुळीत करावी आणि रबरी जोड वापरावा. या जोडाच्या दोन्ही टोकांस न गंजणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या असतात व त्या स्क्रूने आवळता येतात. दोन टोकांची दोन मापे असलेले जोडही मिळतात. काळ्या जमिनीवरील घरास हा जोड विशेष सोयीचा, कारण घर थोडे हलले तर रबर तेवढे सोसते. पी. व्ही. सी. चिकटविण्याचे सोल्युशन लोखंडास धरत नाही. ते लावून किंवा वरून सिमेंट थापून केलेला सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो.

बिडाच्या नळीचे जुने सांधे ताग ठासून वर वितळलेले शिसे ओतून केलेले असतात. शिसे ३२७ अंशांवर वितळते आणि पी. व्ही. सी. सुमारे ८० अंशांवरच मऊ पडू लागते. सबब प्लॅस्टिकच्या नळीभोवती शिसे ओतणे हे काम कोणी सांगितले तरी करू देऊ नये. शिवाय तोंडात थोडेही पाणी असले तर त्याची तत्काळ वाफ होऊन तापलेले शिसे अंगावर उडते. बिडाच्या तोंडातील जुने शिसे काढून तेथे योग्य मापाची रबरी कडी बसवावी व तीत नवी नळी सारावी.

पितळ आणि लोखंड यांचा थेट संबंधही टाळलेला बरा. दोन निरनिराळे धातू ओलाव्यात एकमेकांस लागले की त्यांतील एक झिजू लागतो, आणि येथे झिजते ते आपले जुने लोखंड. मध्ये प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा आला की ही झीज थांबते. परंतु त्याबरोबर दुसरे एक भान ठेवावयास हवे. जुन्या घरांतून विजेची अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळास बांधण्याची रीत होती. नळीत प्लॅस्टिक घातले की ती वाट तुटते आणि गीझरसारख्या यंत्रातील गळती उघड्या धातूस येऊ शकते. कामास हात लावण्यापूर्वी वायरमन बोलावून घरास स्वतंत्र अर्थिंग आहे याची खात्री करून घ्यावी.

सांधा झाला, आता राहिला ट्रॅप. बेसिनाखालच्या वाकड्या किंवा बाटलीसारख्या भागात थोडे पाणी कायम साचून राहते. ती घाण नव्हे, तो पहारेकरी आहे. गटारातील दुर्गंधी व किडे त्या पाण्यामुळे घरात येत नाहीत. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपासाठी अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. ते पाणी आटले तर काय होते, याचा धडा २००३ साली हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीने जगास दिला. तेथे सार्स रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरांच्या जमिनीतील कोरडे पडलेले ट्रॅप हे त्या फैलावाचे एक मुख्य कारण तपासात पुढे आले. म्हणून ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, पाणी उभे राहील असे पाहावे. मोरीतील जाळीचा नहाणी ट्रॅप व बेसिनाचा ट्रॅप असे दोन चालतात, कारण जाळीतून हवा खेळते. परंतु एकाच बंद नळीत दोन ट्रॅप घातले तर मधली हवा कोंडते व पाणी गुडगुडत राहते. सुटीत गावी जाऊन महिनाभर घर बंद ठेवले असेल, तर परतल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक मोरीत व बेसिनात तांब्याभर पाणी ओतावे.

ट्रॅपपासून जुन्या नळीपर्यंत दर फुटास पाव इंच उतार द्यावा आणि तो डोळ्यांनी न ठरविता पाणसळ लावून पाहावा. मग बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडावे. सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद धरावा. एक थेंब पडला तरी कागदावर डाग दिसतो. असे आठवडाभर पाहून मगच गवंड्यास बोलवावे. तेव्हाही सांधा गिलाव्याखाली गाडू नये. त्यावर उघडता येईल अशी लहानशी झडप ठेवावी. भिंतीचे सौंदर्य वीतभर कमी होईल, परंतु दहा वर्षांनी भिंत फोडावी लागणार नाही.

पुढे कधी पाणी संथ जाऊ लागले तर बाजारातील ॲसिड ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. ॲसिड साक्याबरोबर जुने लोखंडही खाते, आणि ते ब्लीचिंग पावडरीत मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बाटली-ट्रॅपचा खालचा भाग हाताने उघडतो. खाली बादली ठेवून तो महिन्याकाठी धुवावा. हे काम घरातील शाळकरी मुलासही शिकविता येते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एकच उभी नळी दोन-तीन बिऱ्हाडांचे पाणी नेते. तेथे बेसिन बसविण्यापूर्वी वरच्या व खालच्या बिऱ्हाडास विचारावे, नळी सर्वांनी मिळून तपासावी आणि ती बदलण्याची वेळ आली असेल तर खर्च वाटून घ्यावा. नळीचा सांधा कोठे आहे, कोणत्या वर्षी केला व कोणत्या मापाचा आहे, हे घराच्या कागदपत्रांत एका ओळीत लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला भिंत न फोडता ते कळेल.