पदक १९७२चे, ‘अर्जुन’ २०२५ मध्ये

भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक कोणी मिळवून दिले, असे विचारताच अभिनव बिंद्राचे नाव ओठी येते. ऑलिंपिकपुरते ते खरेच. मात्र त्याच्या ३६ वर्षे आधी, ऑगस्ट १९७२ मध्ये, सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक पटकावले होते. वेळ होती ३७.३३ सेकंद, त्यांच्या गटातील तो विश्वविक्रम ठरला.

पेटकर मूळचे मुष्टियोद्धे. लष्कराच्या ईएमई विभागातील या जवानाला १९६५च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यातच राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. रिंगण कायमचे सुटले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहणे हाच त्यांचा खेळ झाला. पण एवढ्यावर समाधान मानणारा हा गडी नव्हता. १९६८ मध्ये तेल अवीव येथे ते टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल देशांतील अपंगांच्या स्पर्धेत त्यांनी जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले. हायडेलबर्गमध्येही पोहण्याखेरीज भालाफेक आणि चाकाच्या खुर्चीच्या स्लॅलम शर्यतीत त्यांनी अंतिम फेरी गाठली होती.

असा खेळाडू विस्मरणात का गेला? सारा दोष सरकारी दप्तरदिरंगाईवर ढकलणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला झाले; तेथील क्रीडाग्रामातील घरे खासगी सदनिकांसाठी ठरलेली असल्याने अपंगांची स्पर्धा हायडेलबर्गला, ऑलिंपिकपूर्वीच उरकण्यात आली. ‘पॅरालिंपिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता मिळाली १९८४ मध्ये. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समिती तर १९८९ मध्ये स्थापन झाली. ज्या स्पर्धेचे नावच रूढ झाले नव्हते, तिच्यातील पदक कोणत्या यादीत मांडायचे, हा पेच होता. तो सोडविण्याची घाई कोणालाच नव्हती, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राने १९७५ मध्ये शिवछत्रपती पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. पुण्यात टेल्कोत त्यांनी नोकरी केली. १९८२ मध्ये ‘अर्जुन’साठी केलेला अर्ज मात्र विचारात घेतला गेला नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली आहे. पुढे २००४ मध्ये देवेंद्र झाझरिया यांनी अथेन्स येथे भारताचे दुसरे पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. या दोन पदकांमध्ये ३२ वर्षे गेली.

पेटकर यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट झळकला आणि नव्या पिढीला नाव कळले. १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्यांना २०२४चा अर्जुन पुरस्कार प्रदान झाला. पुरस्काराचा वर्ग होता ‘जीवनगौरव’. त्या वर्गात त्या वर्षी धावपटू सुचासिंग आणि पेटकर असे दोघेच मानकरी होते.