कोतोच्या गल्लीतली फटफटी

टोकियो शहरातला कोतो विभाग म्हणजे सुमिदा आणि आराकावा या दोन नद्यांमधली सखल जमीन. जिकडे तिकडे कालवे, त्यांवर पूल. त्यातला फुकागावा हा भाग फार जुना. १९२३ चा भूकंप आणि १० मार्च १९४५ ची बाँबफेक, दोन्ही वेळा तो जळून खाक झाला, तरी वस्ती पुन्हा तिथेच उभी राहिली. हमरस्ते आज रुंद आहेत, पण आतल्या गल्लीत मोटार घालायची म्हणजे डोक्याला ताप. तिथे फटफटीच बरी!

१९५८ साली होंडा कंपनीने ५० सीसीची सुपर कब काढली, तेव्हा डोळ्यांसमोर होता सोबा पोहोचवणारा पोऱ्या. (सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया.) त्याच्या एका हातात थाळा, मग क्लच दाबणार कोण? म्हणून क्लचची दांडीच काढून टाकली, गियर पायाने बदलायचे. पुढे मागच्या बाजूला स्प्रिंगवर लोंबकळणारी चौकटही आली. खड्ड्यातून गेलं तरी वाडग्यातलं सांडत नाही. मुलांनो, आजोबांना लूना आठवत असेल तर विचारा. ती पुण्याची, १९७२ ची. तिला तर पायडलही होते.

या ५० सीसीवाल्याला नियम मात्र कडक. वेग ताशी ३० किलोमीटर. मागे कोणाला बसवायचं नाही, म्हणजे आजीला बाजारात नेणं बंद! जपानात भारतासारखंच डावीकडून चालतात. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर आधी सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर गाडी वळवून थांबायचं आणि पुढच्या हिरव्या दिव्याला निघायचं. शिवाय जून २००६ पासून रस्त्यावर सोडलेल्या गाड्यांना चिठ्ठी लावायला खासगी माणसं फिरतात. "दोनच मिनिटं" हे चालत नाही. माझ्या मते फटफटीची अर्धी सोय तिथेच संपते. नुसतं फिरायला जाणाऱ्याने आपलं पायीच जावं. खरी सोय दुकानदाराची आणि टपालवाल्याची.

त्यांचीच आता पंचाईत झाली आहे. धुराचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. एवढ्याशा इंजिनाला ते पाळायचे तर खर्च फार, म्हणून होंडाने त्याच वर्षी ५० सीसी बनवणं थांबवलं. त्याऐवजी एप्रिल २०२५ पासून १२५ सीसीपर्यंतची, पण ताकद ४ किलोवॅटवर रोखलेली गाडी त्याच परवान्यावर चालते. ती अंगाने मोठी, आणि वेग तोच ३०. टपालखात्याने तर २०२० पासूनच विजेच्या गाड्या आणायला सुरुवात केली. तिला फटफटी म्हणावं तर फटफट कुठे आहे? ज्यांच्याकडे जुनी ५० सीसी आहे, त्यांनी ती जपून चालवावी; तिला बंदी नाही.