स्पीकरच्या पाठीवर काय लिहिले आहे?

पुष्कळ मोटारींच्या मागच्या दारांत कारखान्यानेच बसवलेले दोन स्पीकर असतात. काही उन्हाळे गेले, की ते खरखरू लागतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन तुम्हांला वेगळं सांगायला नको. बंद गाडी उन्हात उभी राहिली, की आत भट्टी होते. स्पीकरचा कागदी पडदा वाळतो. कडेचा फोम झडतो. मग परभणी आकाशवाणीच्या बातम्या लावा, नाही तर नामदेवांचे अभंग लावा. फाटक्या सुपावर दाणे पाखडल्यासारखा आवाज येतो.

हे स्पीकर घरच्या घरी बदलता येतात. पेचकस धरता आला आणि चार खुणा वाचता आल्या, की झालं. पेचकस पुष्कळांना धरता येतो. चूक होते ती न वाचल्यामुळे. म्हणून आपण आधी वाचू, मग स्क्रू खोलू.

दोष कोणाचा?

गाडीच्या टेपमध्ये आवाज डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे नेण्याची सोय असते. सगळा आवाज मागच्या डाव्या दारात न्या. ऐका. मग उजव्या दारात न्या. एकाच दारातून खरखर आली, तर त्या दारातला स्पीकर तरी बिघडला आहे, नाही तर त्याची तार. स्पीकर काढल्यावर दोन्हींची अदलाबदल करून पाहा. खरखर स्पीकरबरोबर दुसऱ्या दारात गेली, तर स्पीकर बाद. ती पहिल्याच दारात राहिली, तर तार आणि टेप तपासा. नव्या स्पीकरवर पैसा घालू नका.

तीन खुणा

काढलेला स्पीकर पालथा करा. पाठीवर लोहचुंबकाची जाड चकती असते. तिच्यावर बहुधा काही आकडे छापलेले असतात. आकडे इंग्रजी असतात. पण ज्याला मोबाईलवर नंबर लावता येतो, त्याला हे आकडे येतातच.

पहिली खूण ओमची. ती घोड्याच्या नालेसारखी दिसते. तोंड खाली आणि दोन्ही टोकं बाहेर वळलेली. तिच्याशेजारी बहुतेक वेळा ४ हा आकडा असतो. स्पीकर विजेला किती अडवतो, ते हा आकडा सांगतो. गेऑर्ग ओम हे जर्मनीतले शाळामास्तर. विजेच्या अडवणुकीचा नियम त्यांनी १८२७ साली पुस्तकात मांडला. म्हणून या मापाला त्यांचं नाव मिळालं.

अडवणूक निम्मी झाली, की वीज दुप्पट वाहते. बांधाचं तोंड मोठं केलं, की पाणी जास्त जातं, तसंच हे. ४ ओमच्या जागी २ ओमचा स्पीकर लावला, तर टेपला दुप्पट वीज द्यावी लागते. टेप तापतो, जळूही शकतो. स्पीकर स्वस्तात मिळाला, पण महागाचा टेप गेला! ८ ओमचा लावला, तर टेपला धोका नाही; आवाज मात्र बारीक होतो. तेव्हा जुन्यावर जो आकडा, तोच नव्यावर पाहून घ्या.

दुसरी खूण वॅटची. खोक्यावर ३०० वॅट असा मोठा आकडा असतो. त्याला भुलू नका. तो क्षणभराच्या जोराचा आकडा आहे. बैल एका हिसक्यात चिखलातली गाडी बाहेर काढतो. पण त्याच जोराने तो दिवसभर नांगर ओढत नाही. सतत सोसण्याचा आकडा बारीक अक्षरांत असतो. त्याच्याजवळ आर.एम.एस. ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. तोच खरा समजा. कारखान्याचा टेप एका स्पीकरला सुमारे १५ ते २० वॅटच देतो. मग ३०० वॅटचा मोठेपणा काय कामाचा?

त्याहून डेसिबलचा आकडा पाहा. तेवढ्याच विजेत कोणता स्पीकर मोठ्याने बोलतो, ते त्यावरून कळतं. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जेवढी वीज लागते, तिच्या निम्म्या विजेत ९० डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज देतो.

तिसरी खूण आपल्या अंकगणितातली आहे. अधिक आणि उणे. दोन्ही दारांतल्या तारा सारख्या जोडल्या पाहिजेत. एक जरी उलटी झाली, तर एक पडदा हवा पुढे ढकलतो, त्याच वेळी दुसरा मागे ओढतो. दोघांच्या भांडणात तबल्याचा डग्गा हरवतो. खूण पुसली असेल, तर बॅटरीतला (हातबत्तीतला) दीड व्होल्टचा सेल घ्या. त्याची दोन टोकं तारांनी स्पीकरला क्षणभर टेकवा. पडदा बाहेर उचलला गेला, तर सेलचं अधिक टोक जिथे लागलं आहे, तीच अधिकची बाजू.

दार खोलताना

१. टेपला गुप्त आकडा लागत असेल, तर तो गाडीच्या कागदांतून आधी लिहून घ्या. बॅटरी तोडल्यावर काही टेप तो आकडा मागतात.

२. दाराची काच पूर्ण खाली करा. नव्या स्पीकरचं चुंबक जास्त खोल असेल, तर काचेला घासेल. बॅटरी तोडल्यावर बटणाची काच हलत नाही. म्हणून हे आधी करा.

३. किल्ली काढा. मग बॅटरीची उणे खुणेची तार सोडवा. आधी अधिकची सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

४. दाराच्या मुठीमागे आणि हात टेकण्याच्या जागी स्क्रू लपलेले असतात. ते सगळे काढा. मग दाराचं आतलं पॅड खालच्या कडेपासून हळूहळू ओढा. क्लिपा सुटतात. ते हिसकून ओढू नका. मागे बटणांच्या तारा असतात. पिवळ्या कप्लरला हात लावू नका. ती बहुधा एअरबॅगची तार असते.

५. पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडू नका. परत नीट चिकटवा. काचेवरून दारात उतरलेलं पावसाचं पाणी तो अडवतो. तो फाटला, की पाणी गाडीत येतं.

६. गाडीची तार कापू नका. जुन्या कप्लरला जुळणारी जोडतार दुकानात मिळते. ती लावली, तर चूक सुधारता येते.

पॅड बसवण्याआधी बॅटरी जोडून दोन्ही स्पीकर वाजवून पाहा.

आवाज किती ठेवावा?

नवे स्पीकर आले, की आवाज वाढवावासा वाटतो. इथेच सांभाळा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. ९० डेसिबलचा मात्र फक्त ४ तास. काळीपिवळी जीप चालवणारा गडी दिवसभर टेपशेजारी बसतो. त्याचा कान हळूहळू जातो आणि त्याला ते कळतही नाही. शिवाय मागून १०८ ची रुग्णवाहिका येत असेल, तर तिचा भोंगा ऐकू यायला हवा. तिच्यात कोणाची तरी आई असते, कोणाचं तरी लेकरू असतं. काचा लावून शेजारच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येईल, एवढाच आवाज ठेवा.

प्रश्न

१. ओमची खूण पाटीवर काढून दाखवा.
२. ४ ओमच्या जागी २ ओमचा स्पीकर लावला, तर काय होईल?
३. घरातल्या एखाद्या जुन्या रेडिओचा स्पीकर पाहा. त्याच्या पाठीवर काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.